मॉडिफाय केलेली जुनी जपानी स्पोर्ट्स कार विकत घेताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा, आरएक्स-७, सिल्व्हिया, लान्सर इव्होल्यूशन किंवा इम्प्रेझा एसटीआय यांपैकी एखादी गाडी विक्रीला आलेली दिसली, की नवख्या खरेदीदाराचे लक्ष सर्वात आधी पार्टच्या यादीकडे जाते. मोठा टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारे यंत्र), मोठा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग), महागडी चाके, कॉइलओव्हर सस्पेन्शन, नवा क्लच अशी यादी जितकी लांब, तितकी गाडी भारी असे वाटू लागते. प्रत्यक्षात तीच सामग्री एका गाडीत वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि दुसऱ्या गाडीचे इंजिन काही महिन्यांत निकामी करते, कारण फरक पार्टमध्ये नसून ते कोणी, कोणत्या क्रमाने आणि कशाशी जुळवून बसवले यात असतो. म्हणून केवळ यादी न पाहता तिच्यामागचे काम कसे तपासावे, हेच या लेखात पायरीपायरीने मांडले आहे.

पायरी १: कायदा आणि वापर आधी ठरवा

आयात केलेली गाडी तुमच्या देशात रस्त्यावर आणता येईल का, हा प्रश्न गाडी पाहायला जाण्यापूर्वी सुटायला हवा. प्रत्येक देशाचा नियम निराळा आहे. अमेरिकेत मूळ सुरक्षा मानकांतून सूट मिळण्यासाठी गाडी निर्मितीच्या महिन्यापासून २५ वर्षांची व्हावी लागते, तर कॅनडात हीच मर्यादा १५ वर्षांची आहे. काही देश गाडीच्या वयावर उलट बाजूने मर्यादा घालतात, म्हणजे ठरावीक वर्षांपेक्षा जुनी गाडी आत येऊच देत नाहीत. गाडी आधीच देशात आलेली असेल, तर ती कायदेशीर मार्गाने आली आणि सध्याच्या मालकाच्या नावावर नोंदली गेली आहे, याचा कागद हातात घेऊनच पुढे जावे. सायलेन्सरचा आवाज, काढून टाकलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि बदललेले इंजिन या तीन गोष्टींवर वार्षिक तपासणीत गाडी सर्वाधिक अडकते, तेव्हा त्याही याच टप्प्यावर विचारून घ्याव्यात.

गाडी रोज चालवायची आहे की सुट्टीच्या दिवशी, हेही स्वतःशी स्पष्ट असावे. ट्रॅकसाठी ताणलेली गाडी रोजच्या रहदारीत मालकाला आणि स्वतःला दोघांनाही त्रास देते.

पायरी २: गाडी खरोखर तीच आहे का, ते पाहा

जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना सतरा अक्षरी क्रमांक नसतो. त्यांचा चासी नंबर म्हणजे मॉडेलचा संकेत आणि त्यापुढचा अनुक्रमांक. बीएनआर३२ असेल तर ती आर३२ जीटी-आर. एचसीआर३२ असेल तर ती त्याच पिढीची साधी, मागच्या चाकांवर चालणारी स्कायलाइन. पुढच्या दोन पिढ्यांत जीटी-आरचे संकेत बीसीएनआर३३ आणि बीएनआर३४ असे आहेत, तर त्यांच्या साध्या टर्बो भावंडांचे ईसीआर३३ आणि ईआर३४. साध्या गाडीला जीटी-आरचे बंपर, बिल्ले आणि कधी कधी इंजिनही बसवून ती जीटी-आर म्हणून विकायला काढली जाते, म्हणून इंजिनकक्षाच्या मागच्या भिंतीवर ठोकलेला क्रमांक, तिथलीच निळी मॉडेल पट्टी आणि कागदावरचा क्रमांक हे तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. ठोकलेल्या आकड्यांभोवती वेल्डिंगची खूण, वेगळ्या छटेचा रंग किंवा घासल्याचे व्रण दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

सगळ्याच मॉडेलांत मात्र चासी नंबर एवढी माहिती देत नाही. जेझेडए८० हा संकेत टर्बो नसलेल्या सुप्रालाही आहे आणि २जेझेड-जीटीई इंजिनाच्या जुळ्या टर्बोच्या सुप्रालाही. एस१५ सिल्व्हियातही टर्बोची स्पेक-आर आणि बिनटर्बोची स्पेक-एस या दोन्ही गाड्या एस१५ याच संकेताखाली येतात. अशा वेळी मॉडेल पट्टीवरचा पूर्ण संकेत वाचून ती गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात निघाली होती ते ठरवावे लागते. बिनटर्बो गाडीत नंतर टर्बो बसवणे हा गुन्हा नाही, पण किंमत मूळ टर्बो गाडीची मागितली जात असेल तर तो नक्कीच आक्षेपाचा मुद्दा आहे.

पायरी ३: जपानमधले कागद वाचायला शिका

जपानमधून बाहेर पडलेल्या बहुतेक गाड्या तिथल्या लिलावातून जातात, आणि लिलावगृहाचा तपासनीस प्रत्येक गाडीसाठी एक पानाचा अहवाल भरतो. नवख्याला मिळू शकणारा हा सर्वात मोलाचा कागद आहे. वरच्या कोपऱ्यातला दर्जा ४.५ किंवा ४ असेल तर गाडी चांगल्या स्थितीत होती, ३.५ म्हणजे वापराच्या खुणा स्पष्ट होत्या, आणि आर किंवा आरए म्हणजे सांगाड्याचा एखादा भाग अपघातानंतर दुरुस्त झालेला किंवा बदललेला होता. खाली गाडीची रेखाकृती असते आणि तिच्यावर छोट्या खुणा असतात: ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्र्याचे काम झाल्याची लाट, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितके नुकसान जास्त. रेखाकृतीवर उजव्या मागच्या दारावर डब्ल्यू२ असेल, तर गाडीपाशी गेल्यावर त्याच दारावर तिरप्या प्रकाशात बोट फिरवून पाहावे. कागद आणि पत्रा एकच गोष्ट सांगत असतील, तर कागद याच गाडीचा आहे असा विश्वास ठेवायला जागा मिळते.

वर्षे वाचताना जपानी कालगणना लक्षात ठेवावी. हेसेई कालखंडाचे वर्ष असेल तर त्यात १९८८ मिळवायचे, रेवा असेल तर २०१८. म्हणजे हेसेई ६ हे १९९४. निर्यात प्रमाणपत्रावर छापलेली तारीख पहिल्या नोंदणीची असते, निर्मितीची नव्हे, आणि आयातीच्या नियमात नेमका हाच फरक नडू शकतो.

किलोमीटरचा आकडा हा स्वतंत्र विषय आहे. या गाड्यांच्या मूळ मीटरवर बहुधा १८० पर्यंतच वेग दाखवलेला असतो, त्यामुळे अनेक मालकांनी संपूर्ण मीटर बदलून ३०० किंवा ३२० पर्यंतचे लावलेले असते. मीटर बदलले की जुना आकडा गेला. तो कुठे तरी नोंदलेला हवा: लिलावाच्या अहवालावर, जपानमधल्या दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीच्या प्रमाणपत्रावर, किंवा टायमिंग बेल्ट बदलल्यावर इंजिनकक्षात चिकटवलेल्या स्टिकरवर. तिन्ही ठिकाणी काहीच सापडले नाही, तर मीटरवरचा आकडा विचारातच घेऊ नये आणि किंमत गाडीच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ठरवावी.

पायरी ४: मॉडिफिकेशनची यादी उलटतपासणीला घ्या

इथे सर्वाधिक वेळ द्यावा, घाई मुळीच करू नये.

विक्रेत्याकडून पूर्ण यादी लेखी घ्यावी आणि प्रत्येक पार्टसमोर चार गोष्टी विचाराव्यात: तो कधी बसवला, कोणी बसवला, पावती आहे का, आणि त्याच्या जागी निघालेला मूळ पार्ट जपून ठेवला आहे का. ज्याने मनापासून गाडी सांभाळली आहे तो माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. उलट फाइल काढून समोर ठेवतो. मूळ पार्ट सोबत मिळत असतील तर त्याचे मोल मोठे आहे, कारण तपासणीच्या वेळी किंवा पुढे विकताना गाडी पूर्ववत करता येते, आणि मूळ रूपातल्या गाड्यांना दिवसेंदिवस मागणी वाढत चालली आहे.

त्यानंतर यादीतले पार्ट एकमेकांना साजेसे आहेत का ते पाहावे. टर्बो इंजिनात बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब, वाढवला की जास्त हवा आत जाते, आणि त्या हवेला पुरेल एवढे इंधनही जावे लागते. म्हणून मोठा टर्बो आहे पण इंजेक्टर आणि इंधनाचा पंप मूळचाच आहे, अशी गाडी पूर्ण जोर दिल्यावर इंधनाअभावी पिस्टन जाळू शकते. इंजेक्टर मोठे आहेत पण इसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, मॅपिंग (नव्या पार्टप्रमाणे जुळवणी) केलेले नाही, तर गाडी काळा धूर सोडेल आणि जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढेल. पॉवर वाढवली पण ब्रेक, क्लच आणि कूलिंग यांना हातही लावला नाही, तर पैसे कुठे वाचवले ते कळतेच. माझ्या मते, रेडिएटर, ऑइल कूलर, ब्रेकचे पाइप आणि बुश यांवर खर्च केलेला मालक हा निव्वळ टर्बोवर खर्च करणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो, जरी त्याची यादी दिसायला फिकी असली तरी.

जीटी-आरच्या आरबी२६डीईटीटी इंजिनाचे उदाहरण बोलके आहे. २५६८ सीसीच्या या सहा सिलिंडरच्या इंजिनाची मूळ टर्बोची टर्बाइन चाके सिरॅमिकची आहेत. ती हलकी असल्याने पटकन फिरतात, पण बूस्ट साधारण १ बारच्या पुढे नेला की दांड्यापासून सुटण्याचा धोका असतो. मूळ टर्बो तसेच ठेवून केवळ बूस्ट कंट्रोलर लावलेल्या आर३२ किंवा आर३३ मध्ये बूस्ट किती ठेवला आहे, हे म्हणूनच विचारलेच पाहिजे. याच इंजिनाच्या सुरुवातीच्या, म्हणजे आर३२ मधल्या क्रँकशाफ्टवर तेलाच्या पंपाला फिरवणारा भाग आखूड होता. जास्त आरपीएमला तिथे पंप फुटतो आणि इंजिनही जाते. इंजिन कधी उघडले असेल, तर हा दोष तेव्हाच दुरुस्त करून घेतला का, या प्रश्नाच्या उत्तरावरून काम करणाऱ्याची जाणकारी कळून येते.

पॉवरचा आकडा केवळ तोंडी सांगितला असेल तर तो सोडून द्यावा. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानी उत्पादकांनी आपसांतल्या समजुतीने जाहीर पॉवर २८० पीएसच्या (पीएस हे अश्वशक्तीचे एकक) वर नेली नव्हती, त्यामुळे कारखान्याच्या कागदावरचा आकडाही कित्येकदा खऱ्यापेक्षा कमीच असे. मॉडिफाय केलेल्या गाडीची पॉवर फक्त डायनोच्या (पॉवर मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर वाचावी, आणि तिथेही मोजणी चाकांवर केली आहे की इंजिनाची पॉवर हिशेबाने काढली आहे, कोणत्या बूस्टवर, कोणत्या इंधनावर, हे पाहावे. त्याच कागदावर हवा आणि इंधन यांच्या प्रमाणाची रेषा असते. टर्बो पेट्रोल इंजिनात पूर्ण जोरावर ती ११ ते १२ च्या आसपास (एक भाग इंधनाला इतके भाग हवा) असणे सुरक्षित मानले जाते. रेषा वर चढत १३ कडे जात असेल तर तो आकडा उधारीवर मिळवलेला आहे.

इंधनाचा मुद्दा आयात गाडीत विशेष महत्त्वाचा आहे. जपानमध्ये मिळणारे प्रीमियम पेट्रोल सामान्यतः १०० ऑक्टेनचे असते आणि तिथल्या ट्यूनरने केलेले मॅपिंग त्याच पेट्रोलसाठी असते. तीच गाडी ९५ किंवा त्याहून कमी ऑक्टेनवर त्याच मॅपिंगने चालवली, तर इंजिन ठोकू लागते, म्हणजे इंधन आत अनियंत्रित पेटून धक्के बसू लागतात, आणि जोराखाली ठोकणारे टर्बो इंजिन फार काळ टिकत नाही. म्हणून देशात आल्यावर गाडी स्थानिक पेट्रोलसाठी पुन्हा मॅप केली का, कोणी केली, आणि इसीयू कोणता आहे, हे विचारावे. अपेक्सीचा पॉवर एफसी, एचकेएसचा एफ-कॉन व्ही प्रो, हॅलटेक किंवा लिंक यांपैकी काही असेल, तर तुमच्या परिसरात त्या इसीयूवर काम करणारा ट्यूनर आहे याची आधी खात्री करावी. ज्याला कुलूप लावले आहे आणि ज्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही असा इसीयू म्हणजे पुढचा खर्च निश्चित.

शेवटी खाली वाकून डॅशबोर्डच्या आत टॉर्च मारावा. काम कसे झाले आहे, ते वायरिंग खोटे बोलू देत नाही. टर्बो टायमर, बूस्ट गेज, अलार्म आणि स्टिरिओ यांच्या वायरी सोल्डर करून, नळीत घालून, मूळ वायरिंगला धरून बांधलेल्या असतील तर निश्चिंत व्हावे. पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड, कापून तशाच सोडलेल्या वायरी आणि थेट बॅटरीवरून फ्यूजशिवाय आणलेली तार दिसली, तर ज्या हातांनी हे केले त्याच हातांनी इंजिनालाही स्पर्श केला असेल, हे गृहीत धरावे. चाकांच्या बाबतीतही सावध राहावे: रेजच्या टीई३७ सारख्या फोर्ज केलेल्या चाकांच्या ओतीव नकला सर्रास फिरतात, आणि नकली चाक खड्ड्यात तडकते तेव्हा प्रश्न पैशांचा उरत नाही.

पायरी ५: पत्रा, सांगाडा आणि गंज

इंजिन बदलता येते, गंजलेला सांगाडा बदलता येत नाही. गाडी लिफ्टवर चढवूनच पाहावी. पुढच्या सस्पेन्शनचे वरचे टॉवर, जॅक लावण्याच्या जागा, दाराखालचे सिल, मागच्या चाकांच्या कमानी आणि डिकीच्या तळाचे कोपरे या जागी गंज आधी लागतो. खालून नुकताच काळा थर मारलेला असेल तर त्याखाली काय झाकले आहे ते विचारावे. बाहेरून पत्र्यावर पुटी आहे का ते पाहण्यासाठी रंगाची जाडी मोजणारे यंत्र उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, त्याच्या कित्येक पट आकडा आला तर खाली पुटी आहे. लोहचुंबकाने तपासत असाल, तर आर३२ जीटी-आरचे बोनेट आणि पुढची फेंडर, तसेच एफडी३एस आरएक्स-७ चे बोनेट ॲल्युमिनियमचे असते हे ध्यानात ठेवावे. तिथे चुंबक चिकटला तर मूळ पत्रा गेला आहे, असा उलटा अर्थ निघतो.

पायरी ६: थंड इंजिन, मग कॉम्प्रेशन

तुम्ही पोहोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नये, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. पोहोचल्यावर बोनेटवर आणि रेडिएटरवर हात ठेवून ती खरोखर थंड आहे याची खात्री करावी. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते. किल्ली फिरवताना एक माणूस सायलेन्सरमागे उभा असावा. क्षणभर निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे सील जुने झाले आहेत. निळा धूर येतच राहिला तर पिस्टन रिंग किंवा टर्बोचे सील. गोडसर वासाचा पांढरा धूर टिकून राहिला तर कूलंट जळत आहे. तेल घालण्याचे झाकण सैल करून आतून धुराचे झोत किती जोराने येतात तेही पाहावे.

त्यानंतर स्वतंत्र मेकॅनिककडून कॉम्प्रेशन चाचणी (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी) करून घ्यावी, आणि शक्य असल्यास गळतीची चाचणीही. सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असणे हे एकाच सिलिंडरच्या मोठ्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. आरएक्स-७ च्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी इंजिनाला नेहमीचे गेज चालत नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू असतात आणि तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणारे खास यंत्र लागते. एखाद्या बाजूचा आकडा पडलेला असेल तर आतले सील गेले आणि इंजिन पूर्ण उघडावे लागणार. रोटरी न समजणाऱ्या गॅरेजचा ‘सगळे ठीक आहे’ हा अभिप्राय धरू नये. याच गाडीत कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी जुनी होऊन तडकते. ती ॲल्युमिनियमची बदलून घेतलेली असेल तर मालकाला गाडी कळते.

इव्होल्यूशनच्या दहाव्या पिढीत मागच्या बाजूच्या हायड्रॉलिक पंपाला गंज लागून डिफरन्शियलचा दिवा पेटतो, आणि तो पंप महाग आहे. एसटीआयच्या ईजे२० इंजिनात बेअरिंगचा ठोका येतो का ते ऐकावे. आरबी२६, २जेझेड, इव्होल्यूशनचे ४जी६३ आणि ईजे२० या सर्व इंजिनांना टायमिंग बेल्ट आहे आणि जपानमध्ये तो साधारण १ लाख किलोमीटरला बदलतात. बदलल्याचा पुरावा नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

पायरी ७: चालवून पाहणे

तेल गरम होईपर्यंत शांतपणे चालवावे, मगच जोर द्यावा. प्रत्येक गिअर चढता-उतरता घालून पाहावा, विशेषतः दुसरा आणि तिसरा. क्लच दाबल्यावर खडखड आवाज आला तर लगेच घाबरू नये. दुहेरी प्लेटचा क्लच दाबलेल्या अवस्थेत असा वाजतोच. क्लच घसरतो का हे वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर कळते: आरपीएम उसळी घेते आणि वेग मागे राहतो. बूस्टची सुई सांगितलेल्या आकड्यावर जाऊन थांबली पाहिजे. ती त्याच्या पुढे झेपावत असेल तर पुन्हा जोर देऊ नये. जीटी-आरमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरचा व्यास एकसारखा नसेल, तर चारही चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा नाहक झिजते, म्हणून टायरवरचे माप वाचावे. तिथेच चार आकडी तारीखही असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी वय झालेला टायर अशा ताकदीच्या गाडीला चालत नाही.

पायरी ८: व्यवहार आणि पहिले काही आठवडे

विमा कंपनीला प्रत्येक मॉडिफिकेशन लेखी कळवावे आणि मूल्य आधीच ठरवून देणारी पॉलिसी मिळत असेल तर तीच घ्यावी. लपवलेला टर्बो दाव्याच्या वेळी उघड होतो. पार्टची उपलब्धता मॉडेलवर अवलंबून आहे. निसानच्या निस्मो या स्पोर्ट्स विभागाने २०१७ पासून आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवायला घेतले आणि टोयोटानेही सुप्रासाठी तसाच कार्यक्रम सुरू केला, पण आतील प्लास्टिक, रबराच्या पट्ट्या आणि काचा यांसाठी अजूनही वाट पाहावी लागते. ऑर्डर देताना पूर्ण चासी नंबर द्यावा, कारण एकाच पिढीत मधूनच पार्ट बदललेले असतात.

पूर्ण रक्कम मूळ कागद, सर्व किल्ल्या, इसीयूच्या मॅपची प्रत व पासवर्ड आणि काढून ठेवलेले मूळ पार्ट हातात आल्यावरच द्यावी. गाडी घरी आल्यावर कोणताही नवा पार्ट लावण्याआधी इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ब्रेक आणि कूलंट यांचे सर्व द्रव, फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलावेत. काढलेले प्लग फेकून न देता सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहावेत. पोर्सिलिनवर बारीक काळे किंवा चकाकते ठिपके दिसले तर इंजिन आत कुठे तरी ठोकत आहे, आणि मग ट्यूनरची तारीख मिळेपर्यंत बूस्ट कंट्रोलर बंद करून, वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगच्या किमान दाबावरच गाडी चालवावी.